पंचवीस लिंका आणि मी

३ ऑक्टोबर, सोमवार

प्राचार्यबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, विभागप्रमुखपदाचं काहीतरी असेल. नव्हतं. आपल्या छात्राध्यापकांसाठी, म्हणजे शिक्षक व्हायला आलेल्या या मंडळींसाठी, इंटरनेटवरच्या उपयुक्त आणि प्रेरणादायी साधनांची यादी हवी आहे म्हणे. पंचवीस लिंका. मुदत ३० नोव्हेंबर. यादी कॉलेजच्या वेबसाइटवर लावणार.

मी म्हणालो, बाई, सव्वीस वर्षं गणिताची अध्यापन पद्धती शिकवतोय, माझ्या नोट्स आहेत की. बाई म्हणाल्या, आहेत ना, पण वाचत कोणी नाही. आणि जाता जाता सांगितलं की पुढच्या वर्षी माझ्या विषयाचे आठवड्याचे चार तास होते त्याचे दोन करायचा विचार आहे. उरलेल्या दोन तासांत विद्यार्थी स्वयंअध्ययन करतील. कशावरून? तर त्या यादीवरून.

म्हणजे आपल्याच निरोप समारंभाच्या खुर्च्या आपणच मांडायच्या.

संकल्प:
१. रोज एक तास इंटरनेट. नाक दाबून.
२. तिथे उपयुक्त असं काहीही नाही हे पुराव्यानिशी सिद्ध करणे.
३. ही वही कोणालाही न दाखवणे.
४. चहा तीनवर आणणे.

४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी ३

कॉम्प्युटर रूम. खोलीला ओल्या मोज्यांचा वास. कीबोर्डचा स्पेसबार चिकट, कशाने ते विचारलं नाही. हेडफोनचा स्पंज सुटलेला. काढताना त्याची काळी खपली कानाला चिकटून राहिली. ऑपरेटरला दाखवली. तो म्हणाला, सगळ्यांच्याच कानाला चिकटते सर. हे त्याने धीर द्यायला सांगितलं.

पहिला व्हिडिओ. एक चांगला दाढीवाला, बायकोमुलं असतील अशा वयाचा माणूस उजव्या हातात मोजा घालून बसला आहे. मोज्याला बटणाचे डोळे. तो मोजा मुलांना सांगतो, मोजा. मोजा म्हणतो मोजा. हा विनोद त्याला सुचून त्याने केला असावा, अशी मला दाट शंका आहे. चाळीस लाख लोकांनी पाहिलंय.

तासभर बसायचं होतं. अकरा मिनिटांत उठलो. चहा चार.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रेरणा विभाग. शिसारी आली.

शिक्षक म्हणजे मेणबत्ती. शिक्षक म्हणजे माळी. शिक्षक म्हणजे पूल. शिक्षक म्हणजे होकायंत्र. प्रत्येकामागे उगवता सूर्य. शिक्षक म्हणजे शिक्षक असं म्हणायला एक माणूस तयार नाही. मेणबत्तीच्या चित्रात तर मेण ओघळून खाली साचलेलं दाखवलंय. हे पाहून कोणाला या धंद्यात यावंसं वाटणार आहे?

एक बाई कॅमेऱ्यासमोर रडतात. त्यांचा ढ विद्यार्थी वीस वर्षांनी विमानतळावर भेटला, तर तोच विमान चालवणारा. या इंटरनेटवरचे सगळे ढ विद्यार्थी पुढे विमानच चालवतात. मला भीती बसली आहे.

मागे मलाही एक जुना विद्यार्थी भेटला होता, रांगेत. ओळख मीच दिली. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे तुम्ही भूगोलवाले. मी याचा व्हिडिओ केला नाही.

बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघून येते, तरी घरी आल्यावर प्रसन्न असते. हाही एक प्रकारचा निष्काळजीपणाच. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला आजपर्यंत एखादा तरी शिक्षक आवडलाय का हो. मी विचार करून सांगतो म्हणालो. जेवण झालं तरी विचार चालू होता. स्वतःचं नाव घेणं बरं दिसत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

सराव शाळेत पाठ निरीक्षण. आज जिचा पाठ, तिला मी मनात बेकरीवाली म्हणतो. चौतीस वर्षांची छात्राध्यापिका, सकाळी दहापर्यंत एका बेकरीच्या काउंटरवर उभी असते, मग कॉलेजला येते. बाहीला पीठ. माझ्याच विषयात दोन वर्षं राहिली आहे. यंदा दोन पाठ. दोन्हींत पास व्हायलाच हवं असं नाही, दुसऱ्यात झाली तरी सुटली. नाहीतर नाव कमी.

आजचा पाठ सहावीला. अपूर्णांकांचा भागाकार. मोबाइलवर कुठेतरी पाहून आलेली, हे दारातच कळलं, कारण तिच्या हातात रंगीत कागदाच्या पट्ट्या होत्या. मुलांना वाटल्या. मुलांनी फाडल्या. वर्गभर तुकडे. एकाने नाकात घातला. एका मुलीने विचारलं, बाई, भागाकार केला तर उत्तर लहान यायला हवं ना, मग हे मोठं कसं आलं? ही म्हणाली, फाडून बघ. शिक्षकाने असं बोलावं? उत्तर द्यायच्या आत घंटा झाली आणि सगळा वर्ग त्या चिंध्यांवरून धावत बाहेर गेला.

शेरा लिहिला: कचरा फार. पंचवीसपैकी नऊ. पासाला दहा लागतात. नऊ मुद्दाम दिले, उमेद राहावी म्हणून.

१२ ऑक्टोबर, बुधवार

बेकरीवाली भेटायला आली. विचारत होती, सर, नेमकं काय चुकलं. मी सांगितलं, मूळ नियमच आला नाही तुझ्या पाठात. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. सहा शब्द. त्याला पट्ट्या कशाला?

ती म्हणाली, सर, पण उलटा का करायचा?

पद्धत आहे, म्हणालो.

म्हणाली, मुलं विचारतात हो.

मी म्हणालो, विचारायची वेळ येऊ देऊ नकोस. मग मला मीटिंग होती. नव्हती, पण तिला ते माहीत असायचं कारण नाही. वीस मिनिटं जिन्यात उभा राहिलो. जिन्यात कोणीतरी संत्र्याच्या साली टाकल्या आहेत. गेल्या आठवड्यातल्या.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आजवर पाहिलेली साधने: सव्वीस. निवडलेली: शून्य. कारणांचा तक्ता केला आहे. दातांच्या जाहिरातीसारखं हसणे, नऊ. पाठीमागे ढोलताशासारखं काहीतरी वाजवणे, सहा. अपूर्णांकातला पू ऱ्हस्व लिहिणे, पाच. नमस्कार मित्रांनो, चार. मी कोणाचा मित्र नाही.

उरलेल्या दोघांत काहीच चूक सापडली नाही. ते संशयास्पद म्हणून बाद केले.

एका व्हिडिओत एक शिक्षिका पंचेचाळीस मिनिटं पेन्सिली रंगाप्रमाणे लावते. शिकवत नाही. नुसती लावते. वीस लाख. पूर्ण पाहिला, अभ्यास म्हणून. शेवटी जांभळी पेन्सिल निळ्यात गेली होती. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मी खाली लिहिलं. आठ जणांनी मला दुसरं काहीतरी काम शोधा असं सुचवलं आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार

बाईंनी व्हरांड्यात अडवलं. किती झाल्या? मी म्हणालो, चाळणी चालू आहे. त्या म्हणाल्या, विज्ञान विभागाने अठरा दिल्यासुद्धा. विज्ञानवाल्यांचं काय, ज्यातून धूर येतो ते त्यांना चालतं.

२४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ६

आंघोळ करताना एकदम उजाडलं. जगात चांगला व्हिडिओ नाही, हे सिद्ध झालंच आहे. तो कोणीतरी करायला हवा. कोणीतरी म्हणजे कोण, हे उघड आहे. पंचवीस व्हिडिओ माझेच. पंचवीस लिंका माझ्याच. बाईंना यादीही मिळेल आणि शिक्षणही होईल. तासांचं काय ते मग बोलू.

महासंकल्प: रोज एक व्हिडिओ. गुरुवारपासून. मोजा नाही, पट्टी नाही, सूर्य नाही. फळा, खडू, मी.

मोबाइल आणि तो उभा करायचं तिकाटणं, दोन्ही मेहुण्याकडून आणलं. बायकोचा धाकटा भाऊ. तो घरातल्या माशांच्या टाकीचे व्हिडिओ काढतो. त्याने विचारलं, भावोजी, बोलणार काय आणि घालणार काय. मी म्हणालो, बोलणार गणित. घालायचं बायको ठरवेल. तिने निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. तिकाटण्याला माशांच्या खाण्याचा वास येतो. दोनदा धुतलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

चित्रीकरण झालं. ऑपरेटर रजेवर. बटण दाबायला कोणी नाही, म्हणून लायब्ररीत बसलेली बेकरीवाली धरून आणली. विषय मुद्दामच अपूर्णांकांचा भागाकार घेतला, म्हणजे तिलाही फुकटात काहीतरी मिळेल.

अडतीस मिनिटं, एका दमात. एकदाही थांबलो नाही. असा पाठ मी स्वतःही पूर्वी ऐकलेला नव्हता.

संपल्यावर ती म्हणाली, सर, तुम्ही एकदाही वळला नाहीत. मी म्हणालो, कोणाकडे वळू, खोली रिकामी होती. ती म्हणाली, कॅमेऱ्याकडे. मी सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघणं हा नटांचा धंदा आहे. ती बरं म्हणाली आणि तिकाटणं नीट घडी करून पिशवीत ठेवलं. एवढं मात्र तिला जमतं.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिडिओ पाहिला.

हा कोण माणूस आहे? निळ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग, मूत्रपिंडाच्या आकाराचा, आणि तो अडतीस मिनिटांत हळूहळू मोठा होतो. पँटवर मागच्या बाजूला खडूची चार पांढरी बोटं. मध्येच डस्टरने पोटरी खाजवतो. आवाज सगळा फळ्यात जातो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारतो, समजलं? मोजलं, चौसष्ट वेळा. कोणाला विचारतो? आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो.

डोक्याच्या मागे टक्कल आहे. बायकोला विचारलं, हे कधी झालं. ती म्हणाली, आठ वर्षं झाली. मला वाटत होतं, वरच्या ट्यूबलाइटचा उजेड पडतो.

निष्कर्ष: कॅमेरा खराब. सतत मासे काढून काढून त्याला माणूस घेता येत नसावा.

संध्याकाळी बायकोला दाखवला. सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, उद्या लवकर उठायचंय, झोपते. सव्वासात वाजले होते.

३१ ऑक्टोबर, सोमवार

तरी चढवला. ऑपरेटरने मदत केली. नाव दिलं: अपूर्णांकांचा भागाकार, एक आदर्श पाठ. ऑपरेटर म्हणाला, सर, चित्रात तुमचा हसरा फोटो टाकू, लोक दाबतात. मी नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय तसा फोटो घरात सापडला नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

प्रेक्षक: अकरा. विश्लेषण: मी सहा, मेहुणा एक, ऑपरेटर एक, बायको अर्धी, ती धरू नये. उरलेले तिघे म्हणजे जनता.

प्रतिक्रिया एक आली आहे. सर, पुढून पण एक टाका.

पुढून काय टाका? हा काय पासपोर्टचा फोटो आहे?

७ नोव्हेंबर, सोमवार

प्रेक्षक: एकोणीस. उरलेले चोवीस व्हिडिओ घशामुळे पुढे ढकलले. घसा तसा बरा आहे, पण तो कधीही बिघडू शकतो.

आनंदाची गोष्ट एकच. बेकरीवालीने आज सांगितलं की तिने माझा व्हिडिओ तीनदा पाहिला. पूर्ण. मी विचारलं, कशासाठी. ती म्हणाली, पुढच्या पाठाच्या तयारीसाठी, सर. म्हणजे त्या एकोणीसमध्ये तीन तिचे. पीठ लागलेल्या बाह्यांची का होईना, एक शिष्या मिळाली.

तिला म्हणालो, आता पट्ट्या सोडल्यास ना? ती म्हणाली, नाही सर, पट्ट्या जरा जाड कागदाच्या करतेय.

शिष्या हा शब्द मागे घेतो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईंनी यादी मागितली. मी कागद दिला. कागदावर एक लिंक. माझी.

बाईंनी कागद वाचला. मागे उलटून पाहिला. म्हणाल्या, एकच? मी म्हणालो, संख्या महत्त्वाची नसते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाल्या, सहा आठवडे तुम्ही काय केलंत हो? मी कारणांचा तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला. हसल्या असं म्हणता येणार नाही, पण तोंड वाकडं झालं.

मग म्हणाल्या, राहू द्या. ज्यांना वापरायची आहे त्यांनाच यादी करू द्या. मी मुलांकडून करून घेते. तुम्ही शेवटी तपासून सही करा, म्हणजे झालं.

मी म्हणालो, जशी आपली इच्छा. सुटलो. रोजचा तो खपल्यांचा तास गेला. फार हलकं वाटतंय. घरी येऊन तीन वेळा कपाट आवरलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

यादी कोणाला दिली ते कळलं. बेकरीवालीला.

बाईंना म्हणालो, तिला मी नऊ मार्क दिलेत. त्या म्हणाल्या, हो, पण बाकीची पोरं तिलाच विचारून पाठ काढतात. बेकरीपासून कॉलेजपर्यंत बसमध्ये पाऊण तास जातो तिचा, तेवढ्यात ती हे सगळं बघत असते. दोन वर्षं.

दोन वर्षं. त्या मोज्यासोबत. विचारानेच अंगावर काटा आला.

२१ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी

तिचा शेवटचा पाठ. पूर्णपणे निःपक्षपाती राहायचं ठरवून गेलो होतो. शेरा आधीच लिहून नेला होता, पेन्सिलने.

सहावीचा तोच वर्ग. एकतीस मुलं. दमट दप्तरांचा वास. शेवटच्या बाकावर बसलो, हात बाकाखाली गेला, तिथे कोणीतरी चघळून चिकटवलेलं काहीतरी बोटाला लागलं. अजून मऊ होतं. रुमालाला पुसलं आणि रुमाल टाकून दिला.

ती आत आली. बाह्या दुमडलेल्या. वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि तास संपेपर्यंत तशीच होती. फळ्यावर लिहायची वेळ आली की तिरकी उभी राहून लिहायची, एक डोळा मुलांवर. अक्षर वेडंवाकडं. तीन पट्ट्या हातात धरल्या. म्हणाली, प्रत्येकीचे अर्धे तुकडे केले तर किती अर्धे मिळतील? सहा. म्हणजे तीन भागिले अर्धा किती? मग पुढून कोणीतरी हळूच म्हणालं, सहा.

मागच्या पाठात प्रश्न विचारणारी ती मुलगी उभी राहिली. बाई, पण भागाकार आहे ना, मोठं कसं?

मला वाटलं, आता हिचं झालं. बेकरीवाली थांबली. खरंच थांबली, अर्धं मिनिट तरी. इतका वेळ वर्गात कोणी बोलत नसेल तर मला घाम फुटतो. मग तीच मुलगी म्हणाली, तुकडे लहान झाले ना, म्हणून जास्त मावले.

ती म्हणाली, हे सगळ्यांना ऐकू येईल असं परत सांग.

मग पाऊण पट्टी आणि एक अष्टमांशाचा तुकडा. शेजारच्या मुलीने मलाही एक पट्टी दिली. सगळ्यांकडे हवी म्हणे. निरीक्षकाने हात लावायचा नसतो, पण ती हात पुढे करून बसली होती. घडी घातली. उलगडली. मोजलं. सहा मावतात. मग वहीत उलटा करून गुणलं. सहाच.

परत घडी घातली.

तास संपला तेव्हा माझ्या निरीक्षणाच्या वहीत आकडे होते, शेरा नव्हता. शेजारच्या मुलीने माझ्या पट्टीकडे पाहून विचारलं, आजोबा, तुम्हाला आलं का?

मी चौपन्न वर्षांचा आहे.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी

घरी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. काय करताय, विचारलं. कागदाचा दर्जा तपासतोय, म्हणालो. दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश. पाव तुकडा दोनदा बसतो आणि थोडं उरतं. हे उरलेलं काय ते काही केल्या सापडेना. तीन पट्ट्या वाया गेल्या. मग बायको समोर बसली, चष्मा लावला, म्हणाली, मला सांगा तुम्ही काय शोधताय. सांगायला लागलो. सांगता सांगता दिसलं. पट्टीचे बारा भाग केले. दोन तृतीयांश म्हणजे आठ, पाव म्हणजे तीन. आठात तीन दोनदा, आणि उरलेले दोन म्हणजे त्या तिनाचे दोन तृतीयांश.

एका पट्टीत चार पाव मावतात. मग दोन तृतीयांश पट्टीत चाराचे दोन तृतीयांश मावणार. म्हणून चाराने गुणायचं. म्हणून उलटा.

बायको म्हणाली, अय्या, एवढंच होतं होय. शाळेत कोणी सांगितलंच नाही.

हे मला माहीत होतंच. सव्वीस वर्षं आठवत नव्हतं, एवढंच.

जमिनीवर सगळे तुकडे. ओंगळ. मीच झाडले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

पेन्सिलचा शेरा खोडला. खोडरबर जुनं, पान काळं झालं. नवा शेरा: कचरा फार. तरी चालेल. पंचवीसपैकी सतरा. अठरा देणार होतो, पण कचरा झालाच होता.

ती मार्क बघायला आली. पान बघितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, घरी फोन करून येऊ का सर. आली तेव्हा डोळे लाल. मला असले प्रसंग आवडत नाहीत, मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कोणीतरी थुंकत होतं. परत आत बघितलं.

ती म्हणाली, सर, तुमचा व्हिडिओ पाहिला तेव्हाच मी ठरवलं की आपण वर्गात उभं राहू तेव्हा काहीही झालं तरी. मग थांबली. म्हणाली, जाऊ दे सर, थँक्यू.

वाक्य पूर्ण केलं नाही. भारावली असावी.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

नोटीस लागली. पुढच्या वर्षीपासून माझ्या विषयाचे चाराचे दोन तास झाले. स्वयंअध्ययनाच्या पहिल्या तासाला नव्या बॅचशी बोलायला बेकरीवालीला बोलावलंय. नोटिशीवर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता, माझ्या नावाभोवती तपकिरी गोल. पुसायला गेलो तर नावच पुसट झालं.

ऑपरेटर म्हणाला, सर, आता दोन तास मोकळे, आराम. मी म्हणालो, लेखन करणार आहे.

३० नोव्हेंबर, बुधवार

यादी सहीला आली. पंचवीस लिंका. प्रत्येकीपुढे एक ओळ, कोणाला आणि कशाला उपयोगी. लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या पानावर चूक नाही. दुसऱ्यावर नाही. अपूर्णांकातला पू दीर्घ. प्रेरणेचं एकच पान होतं, त्यावर मेणबत्ती नव्हती. एका म्हाताऱ्या शिक्षकाचा चार मिनिटांचा व्हिडिओ, पुढे लिहिलं होतं: वर्ग हातातून गेला त्या दिवशी घरी जाताना पाहण्यासाठी.

ही ओळ मी दोनदा वाचली. असा दिवस मला कधी आला नाही. आला असता तर पाहिला असता.

पंचविसावी लिंक माझी.

पुढे लिहिलं होतं: फळ्यावरची मांडणी आणि अक्षर शिकण्यासाठी. इतकं स्वच्छ काम दुसरीकडे कुठे सापडलं नाही. आवाज बंद करून पाहावा.

लाल पेन उघडं राहिलं, कागदावर ठिपका पडला. सही करणार नाही असं ठरवलं. तसं स्पष्ट सांगायला बाईंच्या केबिनपर्यंत गेलो. बाई फोनवर होत्या. बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसलो. परत येऊन सही केली.

१ डिसेंबर, गुरुवार, दुपारी ३

कॉम्प्युटर रूममध्ये कोणी नव्हतं. माझा व्हिडिओ लावला. आवाज बंद केला. अडतीस मिनिटं पूर्ण पाहिला.

अक्षर खरोखर चांगलं आहे. ओळी सरळ, बरोबरच्या खुणा एकाखाली एक, उत्तराभोवतीची चौकट एका फटक्यात. असं काम हल्ली कोणी करत नाही.

फक्त तो माणूस सारखा मध्ये येतो.